कान आणि काटा

जुन्या ट्रकच्या केबिनमध्ये बसून समोरच्या मीटर बोर्डाकडे पाहिले, तर तिथले बहुतेक काटे कधीच वारलेले असतात. वेगाचा काटा शून्यावर आडवा झालेला असतो. डिझेलचा काटा टाकी भरली तरी उठत नाही, म्हणून किन्नर टाकीत काठी घालून पाहतो. किलोमीटरचे आकडे कुठल्या तरी जुन्या सालात थांबलेले असतात. एवढे सगळे मेलेले असताना गाडी मात्र जिवंत असते. ऊस वाहते, विटा वाहते, कडबा वाहते. अशा बोर्डावर आणखी एक मीटर बसवावे, असे मी या लेखात म्हणणार आहे. तेव्हा वाचकांनी आधी थोडे हसून घ्यायला हरकत नाही.

या मीटरचे नाव टॅकोमीटर. नांदेड-लातूरकडचे मिस्त्री त्याला आरपीएम मीटर म्हणतात आणि तेच नाव जास्त बरोबर आहे. ग्रीक भाषेत 'टॅकोस' म्हणजे वेग. पण गाडी किती वेगाने चालली आहे याच्याशी या मीटरला कर्तव्य नसते. इंजिनाचा मुख्य दांडा, म्हणजे क्रँक, मिनिटाला किती फेरे घेतो एवढेच ते सांगते. आजच्या ट्रकांत हे मीटर कारखान्यातूनच येते आणि त्यावर डिझेल वाचवणारा हिरवा पट्टाही आखलेला असतो. आपल्याकडच्या १९७०-८० च्या दशकांतल्या गाड्यांत ते सहसा नसे.

त्या गाड्यांची कुळकथा थोडक्यात सांगायला हवी. टेल्कोने १९५४ साली जर्मनीच्या डाइम्लर-बेंझशी करार करून जमशेदपूरला ट्रक बनवायला सुरुवात केली. १९६९ मध्ये तो करार संपला, गाडीच्या तोंडावरचा तीन पाकळ्यांचा तारा गेला, तरी जुने ड्रायव्हर पुढे कित्येक वर्षे 'मर्सिडीज'च म्हणत राहिले. पुढे आमच्या रस्त्यांवर राज्य केले ते टाटा १२१० ने. बारा म्हणजे मालासकट बारा टन आणि दहा म्हणजे शंभराच्या घरातली अश्वशक्ती, असा त्या आकड्याचा अर्थ ड्रायव्हर मंडळी सांगतात. कंपनी द्यायची ती चेसिस आणि तिच्यावर पुढचा पत्र्याचा मुखवटा. बाकी केबिन इथला सुतार बांधायचा. फळ्या त्याच्या, रेक्झिन आपल्या आवडीचे, गोंडे माळेगावच्या जत्रेतले आणि फोटो आपापल्या देवाचा. या सगळ्या गावठी संसारात ड्रायव्हरच्या डोळ्यांसमोर कारखान्यातून आलेली वस्तू जवळजवळ एकच असायची, ती म्हणजे मीटर बोर्ड. ते सासरी आलेल्या शहरी सुनेसारखे दिसायचे, आणि पहिल्या दोन-तीन वर्षांत गप्प व्हायचे.

ते का गप्प व्हायचे, हे मला बँकेत असताना समजले. १९६९ मध्ये बँकांचे राष्ट्रीयीकरण झाल्यावर एक-दोन गाड्यांच्या लहान वाहतूकदारांना कर्ज देणे हे धोरण ठरले आणि आम्हा शाखेतल्या लोकांवर गहाण असलेल्या ट्रकांची तपासणी करत हिंडायची पाळी आली. तपासणीच्या कागदावर मीटर वाचनाचा रकाना असे. त्या रकान्यात मला खरा आकडा फारच क्वचित भरायला मिळाला. मीटरची केबल तुटलेली तरी असे किंवा मालकाने सोडवून ठेवलेली तरी. कारण उघड होते. किलोमीटर मोजले जाणे हे मालकाच्या फायद्याचे नव्हते, कारण पुढे गाडी विकायची असे. आणि ड्रायव्हरच्याही फायद्याचे नव्हते, कारण त्यावरून 'अॅव्हरेज' काढून कमी पडलेल्या डिझेलचे पैसे पगारातून कापले जात. वेगाचा काटा पोलिसांच्या कामाचा, किलोमीटरचा आकडा बँकेच्या, विमा कंपनीच्या आणि गिऱ्हाइकाच्या कामाचा. जो माणूस दिवसभर त्या बोर्डासमोर बसे, त्याच्याशी बोलणारे त्यात थोडेच होते. जे मीटर दुसऱ्याची चाकरी करते ते दुरुस्त करायला कोण पैसे घालील?

आरपीएम मीटर त्या चाकरांतले नाही, हा माझा पहिला मुद्दा.

नांदेड ते लातूर हा रस्ता सुमारे १४० किलोमीटरचा. लोहा, अहमदपूर, चाकूर अशी गावे घेत तो जातो. एसटीने जाणाऱ्याला तो सपाटच वाटतो, झोप चांगली लागते. पण नांदेड गोदावरीच्या काठी, समुद्रसपाटीपासून साडेतीनशे मीटरच्या थोडे वर, आणि लातूर बालाघाटाच्या पठारावर, सहाशे मीटरच्याही वर. म्हणजे भरलेल्या ट्रकला या प्रवासात अडीचशे मीटरहून जास्त उंची चढून जायचे असते, तीही एका दमात नव्हे. चढ, उतार, पुन्हा चढ अशी. या रस्त्यावर ताशी चाळीस किलोमीटरचा वेग तिसऱ्या गिअरमध्येही ठेवता येतो आणि चौथ्यातही. वेगाच्या काट्याला दोन्ही सारखेच, कारण त्याची केबल गिअरबॉक्सच्या मागच्या बाजूला, चाकांकडे जाणाऱ्या दांड्याला जोडलेली असते. इंजिनाला मात्र ते सारखे नसते. एकात ते धापा टाकते, दुसऱ्यात कुंथते. वरच्या गिअरमध्ये फेरे फार खाली गेले की इंजिन ठोके देते, काळा धूर सोडते, तापते, बेअरिंगांवर भार येतो. उलट उतारावर कोणी घाईने खालचा गिअर टाकला तर फेरे नको तितके वाढतात. डिझेल पंपावरचा गव्हर्नर फार तर डिझेल तोडू शकतो. पण उतारावर चाकेच इंजिनाला फिरवत असतात, तिथे त्याचे काही चालत नाही. मग पुशरॉड वाकतात, व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि इंजिन खोलायची वेळ येते. एक-दोन गाड्यांवर पोट असलेल्या घरात इंजिन खोलणे म्हणजे काय, हे मी कर्जखात्यांच्या पानांवर पाहिलेले आहे. त्या महिन्यापासून हप्त्यांच्या रकान्यात पोकळी सुरू होते आणि मुलीचे लग्न एक वर्ष पुढे जाते.

याच रस्त्याच्या कडेला माळेगाव आहे. मार्गशीर्षात तिथे खंडोबाची जत्रा भरते, घोड्यांचा मोठा बाजार असतो. घोडा घेणारा माणूस तो आजवर किती कोस चालला हे विचारत नाही. दात पाहतो, थोडे पळवून आणायला सांगतो आणि आल्या आल्या त्याच्या बरगड्यांकडे पाहतो. श्वास किती वर आला, किती वेळात खाली बसला, हे तो मोजतो. आरपीएम मीटर हे ट्रकच्या बरगड्यांकडे पाहणे आहे.

आता यावर कोणीही जुना ड्रायव्हर म्हणेल की त्यासाठी मीटर कशाला, कान आहेत की. आणि त्याचे म्हणणे खरे आहे. चांगला उस्ताद गिअर कधी बदलायचा हे आवाजावरून ठरवतो, आणि आवाजाइतकेच तळपायाला लागणाऱ्या थरथरीवरून. मिस्त्रीसुद्धा लांब पेचकसाचे टोक इंजिनाला लावून मूठ कानाशी धरतो आणि कुठल्या सिलिंडरमध्ये काय बिघडले ते सांगतो. या विद्येला कोणत्याही संस्थेची पदवी नाही, तिच्यासाठी पगारात एक रुपया जास्त मिळाल्याचे मी ऐकलेले नाही, आणि तरीही मराठवाड्याचा निम्मा माल पिढ्यान्‌पिढ्या या कानांच्या भरवशावर इकडचा तिकडे झाला.

नांदेडच्या लातूर फाट्यावर, जिथे ट्रकांची दुरुस्ती चालते, तिथे असा एक उस्ताद आहे. वय सत्तरीकडे झुकलेले. १२१० त्याच्या स्वतःच्या मालकीची, कर्ज केव्हाच फिटलेले. नॅशनल परमिटसाठी गाडीच्या वयाची मर्यादा असते, ती ओलांडून तिला जमाना झाला. दरवर्षी फिटनेसचे प्रमाणपत्र घेऊन ती आता जिल्ह्या-दोन जिल्ह्यांत ऊस आणि विटा वाहते. मुलगा पुण्याच्या एका वाहतूकदाराकडे नव्या सोळा चाकी गाडीवर होता, आई आजारी पडल्यावर परत आला आणि जुनी गाडी चालवू लागला. त्याची पंचाईत अशी झाली की त्याला या गाडीची भाषाच येईना. तो शिकला होता हिरव्या पट्ट्यावर काटा ठेवून. इथे पट्टा नाही, काटा नाही, नुसता गोंगाट. त्याने आरपीएम मीटर बसवायचे ठरवले आणि बाप भडकला.

"तिला इचार की, काट्याला काय इचारायलास?" असे उस्ताद म्हणाला. मी तिथे एका कामाने गेलो होतो. जुनी ओळख, त्यात बँकेचा 'साहेब', म्हणून दोघांनी मला पंच केले. मुलाने बापासमोर काही सांगितले नाही. चहा घ्यायला म्हणून बाजूला नेऊन सांगितले. म्हणाला, "साहेब, आबांना आता ऐकू कमी येतंय. मागून हाक मारली तर वळत नाहीत. चढावर गिअर उशिरा टाकायलेत. त्यांना बोलायची सोय नाही."

चाळीस वर्षे इंजिनाशेजारी, हॉर्नच्या कर्ण्यांत आणि उघड्या खिडकीच्या वाऱ्यात बसलेल्या माणसाचे कान शाबूत राहतील ही अपेक्षाच चूक. ज्या आवाजाने विद्या शिकवली त्यानेच ती हळूहळू परत नेली. उस्तादाला हे ठाऊक नसेल असे मला वाटत नाही. काट्यावरचा त्याचा राग हा काट्यावरचा नव्हताच. काटा आला की मुलाला, आणि त्याहून वाईट म्हणजे त्याला स्वतःला, कोणत्या आकड्यावर गिअर पडतो ते दिसणार होते.

मी मुलाच्या बाजूने निकाल दिला. पण अटी घालून.

पहिली अट अशी की आधी मेलेले काटे उठवायचे. बाजारातला मिस्त्री सांगतो, हवेचे मीटर तसेही बंद आहे, त्याच्या भोकात आरपीएम बसवून टाकू, बोर्ड छान दिसेल. हे मुळीच करू देऊ नये. हवेच्या टाकीतला दाब कमी आहे की पुरेसा, हे तो काटा सांगतो आणि त्यावर ब्रेक अवलंबून असतात. तेलाच्या दाबाचा काटाही तसाच. हे दोन बंद ठेवून इंजिनाचे फेरे मोजत बसणे म्हणजे घरात धान्य नसताना वजनकाटा विकत आणणे.

दुसरी अट, जुना बोर्ड कापायचा नाही. हौसेने जुन्या गाड्या जपणाऱ्यांत यावर दोन तट असतात. काहींना मूळ बोर्डावर ओरखडाही चालत नाही. नांदेडचा हा ट्रक शोभेचा नाही, कमाईचा आहे, त्यामुळे त्याला सोवळे लावण्यात अर्थ नाही. पण त्या केबिनमधली कारखान्याची एवढी एकच खूण, तिला भोक पाडून विद्रूप का करायचे? बोर्डाच्या शेजारी लोखंडी पट्टी वाकवून तीवर वेगळी तबकडी बसते, नजरेच्या टप्प्यात राहते आणि उद्या नको झाली तर चार स्क्रू काढून निघते.

तिसरी गोष्ट अट नव्हे, सावधगिरी. भंगार बाजारात पेट्रोल मोटारींच्या सुंदर तबकड्या स्वस्तात मिळतात. त्या इग्निशन कॉइलच्या ठिणग्या मोजतात. डिझेल इंजिनात ठिणगीच नसते, तेव्हा त्या इथे नुसत्या शोभेच्या. डिझेलसाठी खूण घ्यावी लागते ती आल्टरनेटरकडून. त्याच्या आत आधी उलटसुलट होणारा प्रवाह तयार होतो आणि मग तो सरळ करून बॅटरीला दिला जातो. सरळ होण्याआधीच्या एका टोकाला डब्ल्यू टर्मिनल म्हणतात. काही आल्टरनेटरांवर ते बाहेर काढलेले असते, काहींवर इलेक्ट्रिशियन आतून तार डाखून काढतो. हिशेब सोपा आहे. समजा इंजिन १५०० फेऱ्यांवर आहे आणि पुलीच्या मापामुळे आल्टरनेटर त्याच्या दुप्पट, म्हणजे मिनिटाला ३००० फेरे फिरतो. सेकंदाला ५० झाले. त्यात चुंबकाच्या सहा जोड्या असतील तर सेकंदाला ३०० लाटा. मीटर त्या लाटा मोजते आणि काटा १५०० वर नेते. पण उद्या पुली बदलली, दुसऱ्या बनावटीचा आल्टरनेटर आणला किंवा पट्टा सैल होऊन घसरू लागला, की तेच मीटर बेधडक खोटे बोलते. म्हणून बसवल्यावर हातातले टॅकोमीटर क्रँकच्या पुलीला टेकवून दोन्ही आकडे जुळवून पाहायचे आणि तबकडीच्या मागचा छोटा स्क्रू फिरवून फरक काढायचा. फारच जुन्या गाडीत आल्टरनेटरऐवजी डायनामो असेल तर ही युक्ती चालत नाही. मग फ्लायव्हीलच्या दात्यांसमोर चुंबकी सेन्सर बसवून दाते मोजावे लागतात. गाडी १२ व्होल्टची की २४ ची हे विचारल्याशिवाय तबकडी घेऊ नये, हेही सांगून ठेवतो. जळल्यावर दुकानदार परत घेत नाही.

उस्तादाने हे सगळे ऐकून घेतले आणि एकच प्रश्न विचारला. "ह्याचा हिशेब कुणाला जातो?"

हा प्रश्न मला फार मोलाचा वाटला. आज ट्रकच्या भोवती मोजणाऱ्या वस्तूंची कमी नाही. २०२१ पासून टोलनाक्यावर फास्टॅग सक्तीचा झाला, मोठ्या वाहतूकदारांच्या गाड्यांत जीपीएसचे यंत्र असते, गाडी ढाब्यावर किती मिनिटे उभी राहिली हे मालकाला पुण्यात बसून मोबाइलवर दिसते. हे सगळे लिहून ठेवतात आणि दुसऱ्याला सांगतात. साधे आरपीएम मीटर काहीच लिहून ठेवत नाही. त्याला आठवण नाही. या क्षणी इंजिन कसे आहे एवढे ते सांगते आणि पुढच्या क्षणी विसरते. उभा जन्म खतावण्यांत घालवलेल्या माझ्यासारख्या माणसाला असे बिनखतावणीचे यंत्र पाहून बरे वाटते. ते ड्रायव्हरशी बोलते आणि गोष्ट त्याच्यापाशीच ठेवते.

याच्या नावाशी मिळतेजुळते टॅकोग्राफ नावाचे दुसरे यंत्र आहे, त्याला मात्र आठवण असते. युरोपात १९७० पासून ते ट्रकांना लागू होत गेले. गोल कागदावर वेगाची आणि गाडी चालवल्याच्या तासांची रेघ ते ओढायचे. आता ते काम इलेक्ट्रॉनिक पद्धतीने होते. त्याचा मुख्य उपयोग ड्रायव्हरला पुरेशी विश्रांती मिळाली की नाही हे तपासण्यासाठी. आपल्याकडेही २०२५ पर्यंत १९६१ चा मोटार वाहतूक कामगार कायदा होता, त्यात प्रौढ कामगाराला दिवसाला आठ तास आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तास घालून दिलेले होते. पण तो मुळात पाच किंवा जास्त कामगारांच्या व्यवसायाला लागू होता. आणि ड्रायव्हर, किन्नर अशा दोन माणसांची एक गाडी हा आमच्याकडचा नमुना. तेव्हा गाडी ढाब्यावर किती मिनिटे थांबली याची नोंद आहे, माणूस किती तास जागा आहे याची नाही. मोजायचेच असेल तर आधी ते मोजा, असे मला वाहतूकदारांच्या संघटनांना आणि सरकारलाही सांगावेसे वाटते. असो.

केंद्र सरकारने डिसेंबर २०२३ मध्ये नियम काढला की १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम व अवजड ट्रकांच्या केबिन वातानुकूलित असाव्यात. एप्रिल-मे महिन्यांत चाकूरच्या माळावर दुपारी ट्रक चालवलेल्या माणसाला याचे मोल सांगायला नको; हा निर्णय वीस वर्षे आधी व्हायला हवा होता. पण काचा बंद झाल्या की इंजिन लांब जाते. पुढच्या पिढीच्या ड्रायव्हरला कानाने गिअर टाकणे ही गोष्ट बैलाच्या घुंगरांवरून चाल ओळखण्याइतकी जुनी वाटेल. त्यात रडण्यासारखे काही नाही. घाई एवढ्यासाठीच करायची की जुन्या गाड्यांवर काटा बसवायचा असेल, तर तो वाचायला शिकवणारे कान अजून शाबूत आहेत तोवर बसवावा. कंपनीच्या पुस्तकातला आकडा नव्या इंजिनाचा असतो. चाळीस वर्षांच्या, दोनदा खोललेल्या, पंप तिसऱ्या मिस्त्रीने बांधलेल्या इंजिनाचा हिरवा पट्टा कुठून कुठपर्यंत, हे त्या इंजिनाबरोबर म्हातारा झालेला माणूसच सांगू शकतो.

तसेच करायचे ठरले. कोऱ्या तबकडीची गाडी विटा भरून लातूरला निघाली. गाडी उस्तादाने चालवायची, तबकडीवर तोवर फडके बांधलेले. मुलाने शेजारी बसून फडक्याची कड उचलून पाहायचे आणि बापाने जिथे जिथे गिअर बदलला तो आकडा वहीत लिहायचा. चढावरचे वेगळे, उतारावरचे वेगळे, रिकाम्या परतीचे वेगळे. ती वही मी नंतर पाहिली. उतारावरचे आकडे बँकेच्या शिलकीसारखे जुळत होते. रिकाम्या परतीचेही जुळत होते. भरलेल्या चढावरचे मात्र काही ठिकाणी दीड-दोनशेने खाली घसरलेले होते, आणि नेमके तिथे मुलाने आकड्यांपुढे काही न लिहिता जागा कोरी सोडली होती.

हिरवा पट्टा दीड हजाराच्या मागेपुढे आखला गेला, मिस्त्रीकडच्या रंगाने. तांबड्या रेघेसाठी रंग नव्हता, तेव्हा नातीची नेलपॉलिश आणली. पुस्तकात या इंजिनाची कमाल २८०० च्या घरात दिलेली आहे. मुलाचे म्हणणे, तिथेच रेघ ओढू. उस्ताद म्हणाला, २४००. एवढी खाली कशाला, असे मुलाने विचारल्यावर त्याने बॉनेटवर हात ठेवला आणि म्हणाला, "तिचं वय झालंय बाबा."

रेघ २४०० वर आहे.